शेवटची गाडी सुरू होईपर्यंत

सस्काटून,
रविवार, दुपार

अहो,

तुम्ही आधी एकटेच इथे आलात, तेव्हा ती निळी एरोग्राम लिहायचे मी. त्यानंतर तुम्हाला पत्र लिहायची वेळ आज आली. तेव्हाही सुरुवात 'अहो'नेच व्हायची, आजही तीच. ऑगस्टात तुम्ही गेलात तेव्हापासून मनात रोज बोलतेच आहे तुमच्याशी. खरं सांगायचं तर भांडतेच आहे. पण कालचा प्रकार नुसता मनात ठेवून भागणार नाही. आणि थकलेय हो मी. बोलताना मध्येच रडू फुटतं, लिहिताना निदान थांबून चष्मा पुसता येतो.

काल तुमच्या टीमची शेवटची मॅच झाली. या सीझनची नव्हे, कायमचीच शेवटची. कॉलेजनं पुढच्या वर्षापासून फुटबॉल बंद करायचं ठरवलंय. मुलं मिळत नाहीत, खर्च झेपत नाही, असं म्हणतात. हे ऐकायच्या आत तुम्ही सुटलात, एका परीनं बरंच झालं.

डॅरिलचा फोन आला होता. तुमच्या अगदी पहिल्या टीममधला, लाल केसांचा शेतकऱ्याचा पोरगा. आता लालही नाहीत आणि केसही नाहीत. "मिसेस डी, यू हॅव टू कम. कोचच्या जागेवर कुणीतरी बसायला हवं." मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. म्हणाला, खुर्ची आणतो. म्हटलं, थंडी सोसत नाही. म्हणाला, ब्लँकेट आणतो. खरं कारण त्याला कसं सांगू, की मला ते मैदान डोळ्यांसमोरसुद्धा नको होतं! माझा नवरा त्यानं आयुष्यभर वापरला, आता मलाही बोलावतंय म्हणजे काय!

आठवतं का, हे लचांड मागे लागलं कसं? तुम्ही इथे आलात गणित शिकवायला. टीमबरोबर एखादा शिक्षक असावा लागतो, आणि कुणीच हात वर करेना. तुम्ही नवे, भिडस्त, 'नाही' म्हणायला जीभ उचलली नाही. मग लायब्ररीतून नियमांचं पुस्तक आणून वरणभात कालवता कालवता वाचायचात. मामंजींनी नागपूरहून विचारलं होतं, "फुटबॉल आहे तर पोरं हातात घेऊन का पळतात?" त्यांना समजवायला तुम्ही सांगितलंत, अमेरिकेत खेळतात तसला. ते इथे कुणाला ऐकू गेलं असतं तर फाडून खाल्लं असतं तुम्हाला. कॅनडाच्या खेळात बारा गडी असतात, अमेरिकेच्या अकरा, म्हणून किती मिजास यांची!

आणि तुम्ही त्यांना काय शिकवलंत? हुतूतू! व्यायामशाळेच्या मैदानात शिकलेली पकड. अंगावर जाऊ नका, खाली वाका, घोटा धरा. दांडगी दांडगी पोरं "गोटा! गोटा!" ओरडत धावायची आणि त्यांच्या आया स्टँडमधून तेच ओरडायच्या. कालही ओरडत होत्या. अर्थ कुणाला ठाऊक नसेल आता.

जिंकलात कमी, हरलात जास्त. एकदाच फायनलला गेलात, तीही शेवटच्या किकला हातची घालवलीत. सगळी टीम घरी घेऊन आलात, आणि मी परातभर कांदाभजी तळली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! बेसमेंटमध्ये हेल्मेटं, वॉशिंग मशीनमध्ये चिखलाचे मोजे. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात तुमचा हात धरणारा कुणी नव्हता. ग्वेल्फहून बोलावणं आलं, मोठी टीम, चांगली जागा, तिकडे चार मराठी घरंही होती. मी मनातल्या मनात सामान बांधलं. तुम्ही म्हणालात, "अगं, या पोरांचं शेवटचं वर्ष आहे." दर वर्षी कुणाचं ना कुणाचं शेवटचं वर्ष असायचंच की हो!

पण यातल्या कशाचंच एवढं नाही. माझा सगळा राग त्या पार्किंग लॉटवर होता.

प्रॅक्टिस संपली, दिवे गेले, तरी तुम्ही यायचा नाहीत. पोरांच्या गाड्या जुन्या, थंडीत बॅटऱ्या बसायच्या. शेवटच्या पोराची गाडी सुरू होऊन फाटकाबाहेर पडेपर्यंत तुम्ही हलायचं नाही, हा तुमचा नियम. इकडे आपली छोटी मृणाल पेंगत असायची आणि मी दर गाडीच्या आवाजाला खिडकीशी जायचे. "अगं, उणे तीसमध्ये पोर अडकलं तर मरेल," हे तुमचं ठरलेलं उत्तर. बरोबरच होतं. बरोबर असण्याचाच तर राग यायचा.

आणि मग तो दिवस. माझी आई गेल्याचा फोन आला तो. मृणाल शाळेच्या ट्रिपला गेलेली. घरात मी आणि तो फोन. जिमच्या नंबरवर घंटा वाजत राहिली, तुम्ही बाहेर लॉटमध्ये होतात. किती वेळ बसले होते कुणास ठाऊक, दिवा लावायचंसुद्धा सुचलं नाही. तुम्ही आलात, बूट झटकलेत आणि म्हणालात, "एका पोराची बॅटरी गेली होती." मग माझ्याकडे पाहिलंत. पुढे खूप केलंत माझं, तिकीट काढलंत, पाठवलंत. पण ते पहिलं वाक्य माझ्या कानातून कधी गेलं नाही. तुम्हाला हे कधी बोलले नाही, म्हणून आज लिहितेय.

तर काल. थंडी मी म्हणत होती. डॅरिलनं खुर्चीत बसवलं, ब्लँकेट घातलं, आपली टीम हरली. त्यात नवल ते काय! सगळे भेटले, मिठ्या मारल्या, काही जण रडले. मग मी वॉशरूमला गेले, जरा बसून राहिले तिथेच. वाटलं, सगळे जाऊ देत, मग एकटीच शांतपणे निघू.

बाहेर आले तर लॉट भरलेला! सगळ्या गाड्या सुरू, सगळ्यांतून वाफा निघताहेत आणि एकही हलत नाही. मला वाटलं, गप्पा चालल्या असतील. मी आपल्या गाडीत बसले, किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. मग लक्षात आलं. आल्या आल्या गाडीची वायर खांबावरच्या विजेच्या प्लगला जोडायची असते, नाहीतर इंजिन गारठतं. इतकी वर्षं ते तुम्ही करत आलात, मी त्या वायरीकडे कधी पाहिलंही नव्हतं.

आणि एकदम चारी बाजूंनी गाड्यांची दारं उघडली. टकले, पांढरे, पोट सुटलेले आणि या वर्षीची कोवळी पोरं, सगळे माझ्याकडे. "पॉप द हूड, मिसेस डी!" बॉनेट उघडायला कुठला खटका ओढायचा मला काय माहीत! मी पेट्रोलचं झाकण उघडलं. हसले सगळे, मीही हसले. डॅरिलनं डिकी उघडून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायच्या तुमच्या केबल्स काढल्या, आणि त्या कशात गुंडाळलेल्या होत्या? माझ्या मरून शालीत! अहो, ती शाल मी किती शोधली होती! घरभर विचारलं तेव्हा तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत!

गाडी सुरू झाली. मी डॅरिलला म्हटलं, आज शेवटचा दिवस म्हणून थांबलात ना रे सगळे? तो म्हणाला, "नो, नो. कोचेस रूल. माझ्या वर्कशॉपमध्येही रोजचं हेच आहे. शेवटच्याची गाडी निघाल्याशिवाय मी निघत नाही." मग बॉनेट लावत म्हणाला, "माय वाइफ हेट्स इट."

हसता हसता मला रडू कोसळलं. त्याला वाटलं, कोचची आठवण आली. तीही आलीच. पण मी रडले त्या बाईसाठी, जी तेव्हा कुठल्यातरी खिडकीशी उभी असेल.

जन्मभर मी वाट पाहणारी. माझ्यासाठी कुणी थांबलं की कसं वाटतं, ते काल पहिल्यांदा कळलं. फार बरं वाटतं हो. त्या बॅटरी गेलेल्या पोरालाही असंच वाटलं असेल. म्हणून त्या दिवसाचा अर्धा राग काल त्या लॉटमध्येच सोडून आले. अर्धा ठेवलाय. कारण त्या दिवशी शेवटची गाडी मी होते. ते तुमच्या ध्यानात यायला हवं होतं.

मृणाल रोज फोन करते, तिच्याकडे मिल्टनला राहायला ये म्हणून. जाते आता. हे घर, हा बर्फ, ते बेसमेंट, एकटीला आवरत नाही. पण शब्द देते तुम्हाला. तुमच्या केबल्स माझ्याबरोबर येतील. देवळातून असो, मंडळाच्या दिवाळीतून असो, शेवटची गाडी सुरू झाल्याशिवाय मी पार्किंग लॉट सोडणार नाही. मृणाल चिडेल, नात "आजी, कॅन वी गो नाऊ?" म्हणेल. म्हणू दे. फक्त थांबण्याआधी घरी फोन करीन, तिकडे कुणी एकटं बसलं नाहीये ना, ते विचारून घेईन. तुमच्या नियमाला तेवढी एक भर माझी.

शाल मात्र परत घेतलीय. केबल्सना तुमचा टीमचा स्वेटर गुंडाळलाय. नाहीतरी तो तुम्ही गेल्यापासून मी उशाशीच घेऊन झोपत होते, आता कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

तुमचीच,
सुनंदा