कपाच्या बुडावरची तपकिरी रेघ

घरधन्यांना माझा नमस्कार.

मी इथे चिमीच्या तंबूत मजेत आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना? की मी नाही म्हणून सगळा आनंद?

आता बातमी. आपल्या चिमीला या उजाड डोंगरात क्रोमियमचा दगड सापडला. आपल्या स्टीलच्या डब्यांना गंज चढत नाही तो म्हणे याच्यामुळेच. काल तिचे मोठे साहेब आले आणि नुसतं बघूनच म्हणाले, "हा लोखंडाचा दगड. उद्या तंबू गुंडाळा."

मी तर चहा पिता पिता मनात बोचकी बांधू लागले. पोरगी मात्र शांत. दगड घासून रेघेचा रंग बघायची तिची फरशी वाटेत फुटली होती, म्हणून तिने माझ्या हातातला कप घेतला, चहा ओतून टाकला (साखर इथे किती जपून वापरतो आम्ही) आणि बुडाच्या खरखरीत कडेवर दगड घासला. "साहेब, तुमचं लोखंड असतं तर रेघ काळी उठली असती." उठली तपकिरी. साहेबांनी स्वतः घासून पाहिलं नि म्हणाले, "जिंकलीस बाई."

खाण काही एवढ्यात होत नाही, इथे ट्रक येईल असा रस्ताच नाही. पण नकाशावर जागेची खूण झाली आणि शोधणारी म्हणून आपल्या नातीचं नाव लागलं.

पोरीच्या जातीने दगड फोडत हिंडायचं का, असं तुम्ही म्हणाला होतात. ते तिने मनात ठेवलंय. साहेबांची गाडी वळताच तिने पहिलं विचारलं, "आजी, आजोबा काय म्हणतील गं?"

मी म्हटलं, त्यांनाच विचारते. ते तुम्हीच लिहा, आणि पत्र तिच्या नावाने टाका.

तुमचीच,
चिमीची आजी