पडला तरी आउटपरफॉर्म

शाहपुर, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज संताप आवरत नाहीये. केळीच्या बागेतल्या ड्रिपच्या नळ्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे भाऊजींनी शेअरमध्ये घातले, तेही मला विचारून. मोबाईलवर त्या शेअरपुढे कुणा तज्ज्ञाने 'आउटपरफॉर्म' लिहिलं होतं. मला वाटलं, म्हणजे वर जाणार. आमच्याकडे व्यापारी केळीचा घड बघून 'एक नंबर' म्हणाला, की त्याला एक नंबरचा भाव मोजावाच लागतो. शब्द तोंडातून निघाला की खिशाला लागतो. मी तेच धरून बसले.

शेअर पडला. चांगलाच पडला. आज विचारलं तर भाऊजी बशीत चहा ओतत म्हणतात, "वहिनी, रेटिंग गलत नव्हती. आउटपरफॉर्म म्हणजे बाकी बाजारापेक्षा बरा. बाजार जास्त पडला, आपला कमी. मतलब तज्ज्ञ बरोबरच."

बरोबर? पैसे गेले आमचे आणि बरोबर तो? आणि हे सांगताना फुर्रकन चहा ओढायचा! घेताना का नाही सांगितलं मग? की त्यांनाही आजच कळलं?

उन्हाळ्यातल्या वादळात शेजारची बाग सगळी झोपली, आमची अर्धी उभी राहिली. म्हणजे आम्हीही आउटपरफॉर्मच की! तेव्हा भाऊजी बांधावर बसून ढसाढसा रडत होते. मी चहा नेला होता, त्याला हात लावला नाही त्यांनी. कप तसाच गार झाला.

आज भाऊजी दोन कप प्यायले.