सुप्याचे स्टोअरकीपर आणि माझी घाई

सोम. ६ सप्टें. ९९, संगमनेर

आला! मेल आला!

कॉलेजातले मानसशास्त्राचे तास संपल्यावर थेट सातपुतेंच्या कॉम्प्युटर क्लासवर. मोडेम खरखरला, दोनदा लाइन तुटली, तिसऱ्यांदा मेलची पेटी उघडली. रविवारच्या पुरवणीत माझा 'विनाकारण वाटणारी भीती' हा लेख छापून आला, खाली ई-मेलचा पत्ता, तेव्हा स्टाफरूम हसली होती. "मॅडम, आपल्या जिल्ह्यात ई-मेल आहे कुणाकडं?" आहे! सुप्याच्या एका कारखान्यात आहे! तिथले स्टोअरकीपर. वय ३८. बायको-मुलगी राहात्याला, हे सुप्यात खोली घेऊन एकटे. चार वर्षं झाली, एस.टी.त बसलं की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, आता मरणार असं वाटतं. तीनदा कार्डिओग्राम काढलाय, हृदय ठणठणीत. कंपनीचा टेम्पो तिकडे निघाला तरच घरी जाणं. शेवटची ओळ: "समोर बसून बोलनं मला जमनार न्हाई. लिहून चालंल का?"

चालेल! धावेल!

नाव इथेसुद्धा लिहायचं नाही. सु. म्हणायचं.

गुरु. ९ सप्टें.

दुसरा मेल. सगळं मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. एका ओळीवर अडकले. 'बायको समोर आली की मी मरतो' की 'मारतो'? लिहायला दोन्ही सारखंच. कुणाशी बोलतेय मी, तेच कळेना. समोर असते तर एका नजरेत समजलं असतं. सरळ विचारलं. जीव द्यावासा वाटतो का, तेही विचारलं.

शनि. ११ सप्टें.

"मरतो, मॅडम, मरतो! लाजेनं. हात उगारायचं लांबच, तिच्याकडं मान वर करून बघत न्हाई. जीव द्यायचं कधी मनात आलं न्हाई. मरायचीच तर भीती वाटती!"

मोठ्यानं हसले. सातपुते वळून बघायला लागले.

नगरच्या डॉक्टर बाईंना फोन. त्या मनोविकारतज्ज्ञ, मी त्यांच्याच हाताखाली शिकले. म्हणाल्या, कर, पण दर रविवारी मला सांगायचं. आणि मरणाचं बोलणं निघालं तर मेल-बिल बंद, सरळ माझ्याकडे पाठवायचं. कबूल.

शनि. १८ सप्टें.

पायऱ्या ठरवून पाठवल्या. १) स्टॉपवर उभं राहणं. २) थांबलेल्या गाडीत चढून उतरणं. ३) एक स्टॉप. ४) नगर. ५) राहाता. प्रत्येक वेळी भीतीला दहापैकी आकडा द्यायचा, आणि ती उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. सु. लगेच "हो मॅडम". किती गुणी माणूस!

सोम. ४ ऑक्टो.

आठ, सहा, पाच, तीन!! सु. एक स्टॉप जाऊन आले. दोन आठवड्यांत! डोळ्यांनी न बघितलेला माणूस केवळ लिहून बरा होतोय. शाबासकीचं लांबलचक पत्र टाइप केलं. यावर पेपर लिहायचा, पुण्याच्या परिषदेत वाचायचा. शीर्षकसुद्धा सुचलं.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "कोन हाय त्यो? तोंड न्हाई, आवाज न्हाई, आन् तू एकटीच हसत बसतीस."

"पेशंट आहे गं."

"मंग त्यानं हसावं. तू कशापायी?"

बुध. ६ ऑक्टो.

"मॅडम, माफ करा. मी एकदापन गाडीत चढलो न्हाई. स्टॉपवर पन गेलो न्हाई. आकडे हितं स्टोअरात बसून लिहिले. तुमी पत्रात लई खूश हुता. मला वाटलं, बाईंचा हिरमोड नको."

तीनदा वाचलं. कान तापले. टेबलावरचा माझा तो पेपर! परिषद!

उत्तर लिहिलं नाही. घरापर्यंत चालत आले.

रवि. १० ऑक्टो.

डॉक्टर बाईंना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं गाडीत बसावं ही हौस कुणाची होती?"

"त्यांचीच. पहिल्या मेलमध्येच..."

"त्यानं त्रास लिहिला होता. हवं काय, ते लिहिलं होतं का?"

मेलची छापील प्रत काढून बघितली. नव्हतं. पायऱ्या माझ्या, आकडे माझ्या खुशीचे. तो बिचारा माझी परीक्षा देत होता. आणि तरी खरं लिहिलं त्यानं! कुणी भाग पाडलं नव्हतं. मेल बंद करून गप्प बसला असता तर मला पत्ताही लागला नसता. त्यातच काहीतरी आहे. झोपच येईना, पण बरं वाटतंय.

सोम. ११ ऑक्टो.

तीन ओळी पाठवल्या. "राग नाही. खरं लिहिलंत, ते आवडलं. बायकोला नाही, मला नाही, तुम्हाला काय हवंय?"

एकही उद्गारचिन्ह टाकलं नाही. हात शिवशिवत होते.

शनि. १६ ऑक्टो.

काही नाही. रोज जातेय. सातपुते आता मी जिना चढतानाच मान हलवतात.

सोम. १८ ऑक्टो.

आला! दोन पानी!

सु. कबड्डीचे पंच होते! तालुक्यात नाव होतं. चार वर्षांपूर्वी राहात्याच्या मैदानात, सामना रंगात असताना छाती उडायला लागली. वाटलं, इथंच जाणार. शिट्टी दुसऱ्याच्या हातात दिली आणि मैदान सोडलं. गावात बोभाटा झाला, निकाल फिरवायचा होता म्हणून पळाला. त्यानंतर मैदान नाही. एस.टी.ची भीती मागाहून आली.

"बस चुलीत गेली, मॅडम. मला शिट्टी वाजवायची हाय."

खुर्चीतून उठलेच. मी महिनाभर या माणसाला बसमध्ये कोंबतेय!

पायऱ्या पाठवल्या नाहीत. लिहिलं, 'सुरुवात कुठून करायची, ते तुम्ही ठरवा.'

शनि. ३० ऑक्टो.

सु. रोज सकाळी कारखान्यामागच्या माळावर जातात. शिट्टी नाही, दुसरंच. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत पळायचं. स्वतःच काढलं डोक्यातून! पहिल्या दिवशी दम लागला, छाती उडाली, भीती आली आणि मटकन खाली बसले. बसल्या बसल्या लक्षात आलं ते असं:

"पळाल्यावरची धडधड आन् गाडीतली धडधड एकच हाय. खेळताना तिला आमी दम म्हनतो. गाडीत मरन म्हनतो. नाव तेवढं बदलतंय."

शिकवता शिकवता मी हे इतकं सोपं कधी सांगू शकले नव्हते. डॉक्टर बाईंना रविवारची वाट न बघता फोन केला, वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मंगळ. ९ नोव्हें.

दिवाळीला सु. घरी गेले. टेम्पोनं नाही, एस.टी.नं! मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मैदानावर जायचं तर गाडी लागणारच, एवढंच लिहिलंय. नगर सोडल्यावर भीती नऊवर. "ह्यो आकडा खरा हाय." राहुरीला उतरायला उठले, दारापर्यंत आले. कंडक्टर म्हणाला, "उतरायचं का पाव्हणं?" म्हणाले, "न्हाई, पाय मोकळं करतोय." आणि पुढे दारातल्या दांड्याला धरून उभेच गेले राहात्यापर्यंत. पोचले तेव्हा भीती तीनवर.

पाय मोकळं करतोय! आईला सांगितलं. माणूस कोण ते नाही, तेवढं वाक्य. तीही हसली.

सोम. २२ नोव्हें.

येत्या रविवारी राहात्याजवळच्या गावात सामने. जुन्या मुख्य पंचांनी सु.ना रेषापंच म्हणून उभं राहायला बोलावलंय. मी लिहिलं, बघायला येऊ का? उत्तर, दोन शब्द: "येऊ नका."

दुपारभर खट्टू. मग पटलं. मी तिथं असले की ते पुन्हा माझ्यासाठी उभे राहतील.

सोम. २९ नोव्हें.

उभे राहिले!! पहिला डाव पूर्ण. दुसऱ्या डावात हात कापायला लागले, माणसांचा आवाज लांबून यायला लागला. चार वर्षांपूर्वीचं तेच. या वेळी मुख्य पंचांजवळ गेले आणि म्हणाले, "मला भीतीचा झटका येतो. पाच मिनटं द्या, परत येतो."

"परत येशील ना?"

"येतो म्हनलं ना."

मंडपामागे उकिडवे बसले. धडधडू दिलं. पाचाची आठ मिनिटं झाली. परत रेषेवर. बायको लेकीला घेऊन आली होती, हे त्यांना सामना संपल्यावर कळलं. तिनं काय म्हटलं ते लिहिलं नाही. विचारणार नाही.

दोन आठवड्यांनी दुसऱ्या गावात सामने. तिथं मुख्य पंच व्हाल का, असं विचारलंय. शिट्टी यांच्या तोंडात.

मी आज रस्त्यात दोनदा एकटीच हसले.

शुक्र. ३ डिसें.

"मॅडम, मुख्य पंच व्हायला हो म्हनलंय. आता एक सांगतो. इथून पुढं लिहीनच असं न्हाई. तुमाला सांगायचं हाय म्हनून मी नीट ऱ्हातो का माझा मी ऱ्हातो, ते मला बघायचं हाय. रागावू नका."

डॉक्टर बाई म्हणाल्या, यापेक्षा चांगलं पत्र तुला येणार नाही. आणि मग, "किंवा हा पळण्याचा सभ्य मार्ग असेल. लिहून कळत नाही."

मी उत्तर दिलं, 'बरं. पेटी उघडी आहे.' इतकंच.

सोम. १३ डिसें.

काल सामने झाले असणार.

पेटीत कोपरगावच्या एका शिक्षिकेचा मेल. वर्गात फळ्याकडे वळलं की घाम फुटतो म्हणे. लेख नवऱ्यानं दाखवला. नवऱ्याला वाटतं, तिनं बरं व्हावं. लिहिलं, 'तुम्हाला काय वाटतं?'

सु.चं काही नाही.

शुक्र. १७ डिसें.

आजही नाही. त्यांनी सांगितलं होतंच. तरी जिना धावत चढले.

वाजवली असेल? की शिट्टी हातात देऊन पुन्हा...? दोन्ही डोळ्यांसमोर दिसतं. पण वाजवली असेल तेच जास्त वेळ दिसतं.

एक ओळ टाइप केली, पाठवलेली नाही. पडद्यावर तशीच ठेवून बसलेय. सातपुते कुलूप हातात घेऊन उभे आहेत. त्या रविवारचं त्यांनी सगळं लिहिलं, कंप, मंडप, आठ मिनिटं, पण एक गोष्ट राहिलीच:

'सामना जिंकलं कोण?'