लाल दोऱ्याचे कप

३ फेब्रुवारी, सोमवार

चौदा बायका, चौदा कप, आणि एकही फुटला नाही! धुलाई कारखान्याच्या फाटकासमोर आज पहिला चहा दिला. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या बायका या. ब्लीचनं हात सोलून निघतात म्हणून हातमोजे मागितले, तर मालकानं चौदाही जणींना काढून टाकलं. त्यात आमची सून. तिचे हात बघवत नाहीत. म्हणून नातीची आंघोळ माझ्याकडे — आणि काय ती पाय उडवते! काल दुसरा दात दिसला. कणीएवढा. असो, लिहायचं होतं चहाचं.

तीन चर्चनी मिळून ठरवलं, मोजे मिळेपर्यंत रोज सकाळी बायकांबरोबर फाटकाशी बसायचं. घंटावाले, टाळ्यावाले आणि आम्ही. आम्हाला ते गुपचूपवाले म्हणतात म्हणे! म्हणू देत. बायकाही तिन्हीकडच्या, त्यात आमच्या पाच. चहा घंटावाल्यांच्या हॉलमध्ये होतो. तिथली स्वयंपाकीण ओतते, मी कप हातात देते. माझ्याच वयाची, पण हात असा चालतो की बघत राहावं.

कप आमच्या आणि टाळ्यावाल्यांच्या हॉलमधले. आमच्या कपांच्या कानाला लाल दोरा असतो. वीस वर्षं मीच बांधते, नाहीतर लग्नाकार्यात गेलेला कप परत म्हणून येत नाही. आमचे पाळक म्हणाले, "आजी, इथे आपलं-तुपलं नको. दोरे काढून टाका." काढले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

परत बांधले. लवकर जाऊन, कुणी यायच्या आत. बारीकच बांधलेत, दिसत नाहीत. टाळ्यावाल्यांच्या बायका कप नुसता पाण्यातून काढतात. मला नाही चालत. आमच्या पाच जणींना मी आमचेच कप देते. वहीला सांगायला काय हरकत आहे?

६ फेब्रुवारी, गुरुवार

नात उभी राहिली! बाकाला धरून, फाटकासमोर, सगळ्यांदेखत! टाळ्यावाल्यांनी गाणंच सुरू केलं. घंटावाल्यांचे फादरही टाळ्या वाजवायला लागले, सगळ्या चुकीच्या ठेक्यात. स्वयंपाकीण म्हणाली, "फादर, तुम्ही आपली घंटाच वाजवा." हसून हसून पोट दुखलं माझं. इतकी वर्षं शेजारी राहिलो आम्ही, आणि हे आत्ता.

१० फेब्रुवारी, सोमवार

चहा चालू असताना कारखान्याचा मुकादम बाहेर आला. नवीनच आहे, बायकांना ओळखत नाही. बाकांपुढून चालत गेला आणि बोट दाखवत सुटला — तू, तू, तू. पाच जणी. "तुम्ही उद्यापासून कामावर या. मोजे मिळतील."

सून त्यात! मी मोठ्यानं देवाचे आभार मानले. मग लक्षात आलं. पाचही आमच्याच होत्या.

सून म्हणाली, "आई, नऊ जणींकडे पाठ करून आत जाऊ मी?" पाचही जणी गेल्या नाहीत. पण नऊ जणी आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या! एक फटकन बोललीच, "आधीच ठरलं असेल यांचं."

नावं कुणी पुरवली? स्वयंपाकिणीचा भाचा तिथे ऑफिसात कारकून आहे. कुणी तोंडानं बोललं नाही, सगळे तिच्याकडे वळले फक्त.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जेवताना सून म्हणाली, "मुकादम तोंडाकडे बघतच नव्हता हो आई. हातांकडे बघत होता. जखमा दिसल्या असतील."

हातातला घास ताटात ठेवला मी.

जखमा नाहीत गं बाई. कप!

डिसेंबरात हाच मुकादम आमच्या हॉलमध्ये लग्नाला आला होता. मीच चहा दिला. "दोरा कसला, आजी?" म्हणाला. आणि मी, मोठी शहाणी, कौतुकानं सांगत बसले — आमच्या चर्चची खूण! दुसऱ्या कुणाचे कप असे दिसायचे नाहीत! त्याला यादी लागलीच नाही. यादी मी बायकांच्या हातात दिली होती, रोज, गरम गरम.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्वयंपाकीण आली नाही. चहा मीच केला, करपला. पाळक म्हणाले, "तिनं असं करायला नको होतं." मी मान हलवली. मान हलवली मी!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घंटावाल्यांच्या बायका वेगळ्या बाकावर बसल्या. फादर आलेच नाहीत. टाळ्यावाल्यांनी गाणं म्हटलं नाही. मुकादम खिडकीतून बघत होता. त्याला हेच हवं होतं — एका चर्चच्या उचलायच्या, बाकीचे आपसात भांडून घरी जातील. म्हणजे कारखान्याला मोजे द्यायला नकोत.

दोरे काल सोडले मी. शेगडीत टाकले. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेत पाळकांनी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे? मी बाकाला घट्ट धरून बसले, नात धरते तशी. ती उभी राहिली. मी नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. फाटकाशी, सगळ्यांसमोर. दोरा, लग्न, मुकादम — सगळं. मागच्यांना ऐकू गेलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. स्वयंपाकिणीला नावं ठेवली तेव्हा मी मान हलवली, तेही सांगितलं. पाळकांनी खाली मान घातली.

कुणीतरी ओरडेल असं वाटलं होतं. टाळ्यावाल्यांची ती बारकी, सगळ्यात जास्त भाजलेल्या हातांची, एवढंच म्हणाली, "आमचे कप घाण होते का, आजी?"

तिचा कप घेतला. त्यातलाच तिचा उष्टा चहा प्यायले. वेडेपणाच. पण दुसरं काही सुचेना.

सून घरापर्यंत माझ्या पुढेच चालली. दारात म्हणाली, "उद्या स्वयंपाकीणबाईंच्या घरी जायचं. मी येते बरोबर." घंटावाल्यांच्या बायका मात्र निघताना वेगळ्याच रस्त्यानं गेल्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जावं लागलं नाही. सकाळी हॉलमध्ये गेले तर स्वयंपाकीण हजर, चहा उकळतोय. माफी मागायला तोंड उघडलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मी पाहिलं होतं तुला. दुसऱ्याच दिवशी. दातानं दोरा तोडत होतीस."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते."