टाचेवरचा डाग

आई, तुला जाऊन चोवीस वर्षं झाली. आज लिहायला बसले आहे ती तुझ्या आठवणीने डोळे भरून आले म्हणून नाही, माझा जळफळाट होतोय म्हणून. परवा माझ्या सासूबाई बागेत चार बायकांना सांगत होत्या, "सुनेनं डाग ओळखला म्हणून वाचले हो मी." बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी हसले. मनात एवढंच होतं, की ह्या इथे चकरा मारतायत आणि तू नाहीस.

तू बुधवार पेठेतल्या त्या खानावळीत सकाळी सहापासून पोळ्या लाटायचीस. अनवाणी, कारण स्वयंपाकघरात चपला चालणार नाहीत असा मालकीणबाईंचा कायदा. स्वतः त्या बाहेर गल्ल्यावर चपला घालून बसायच्या, ते सोड. टाचेला कुरूप झालं तेव्हा बिबा घालायचा हे ठरलेलंच होतं. तू ओट्याला धरून उभी आहेस, पाय मागे वळवलेला. मी सोळा वर्षांची, बिब्यात खुपसलेली सुई दिव्यावर धरते, तेल सुटलं की तुझ्या टाचेला टेकवते. मग हात मागे घेते, पुन्हा टेकवते. "नीट लाव, घाबरतेस काय," म्हणतेस. काळा डाग पडला. बिब्याचा डाग पडतोच, आणि कातडी सोलली की जातो. हा गेला नाही. पसरत गेला, एका बाजूने वेडावाकडा, कुठे काळा, कुठे निळसर. दाखवू या का, असं मी एकदा विचारलं, तर तू म्हणालीस, बिब्याच्या डागाला डॉक्टर कशाला? मलाही ते पटलं. मीच लावला होता ना. पुढे तिथे जखम झाली, ती भरेना, आणि आपण हळद दाबत बसलो.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. बिब्याने कॅन्सर झाला नव्हता, बिब्याच्या नावाखाली तो लपला होता. त्वचेचा कॅन्सर तळपायावर, तळहातावर, नखाखालीसुद्धा होतो. डाग वाढतोय, कडा सरळ नाहीत, रंग एकसारखा नाही, किंवा जखम भरत नाही, असं दिसलं की घरी औषधं करत बसायचं नाही. हे सगळं मला पाठ झालं. तुझ्या काही उपयोगाचं नव्हतं. तोवर तो पसरून जांघेत गाठी आल्या होत्या.

आता सासूबाईंचं ऐक. त्यांना मी 'अहो आई' म्हणते. सुरुवातीला तो शब्द मी टाळायचे, अजूनही कधीकधी टाळते. त्यांच्या पायांची आग होते म्हणून दर शनिवारी मी तूप लावून काशाच्या वाटीने त्यांचे तळवे घासते. घासता घासता तळवे काळे होतात. उष्णता निघाली, असं त्या समाधानाने म्हणतात. तुझे पाय मी कधी चेपले नाहीत. तू घरी यायचीस तेव्हा मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन झोपलेली असायचे. तर त्या शनिवारी मी फडक्याने तळवे पुसले, सगळं काळं निघालं, आणि टाचेजवळ मसुराएवढा एक डाग राहिला. पुन्हा पुसला. कड वाकडी. मला दुसरं कुणी काही सांगायची गरजच नव्हती.

तपासणी झाली, शस्त्रक्रिया झाली, मांडीची कातडी टाचेला लावली. लवकर आलात, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने मला जवळ घेतलं, नणंदेने साडी आणली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय दाखवतात. मला त्यांच्या त्या टाचेचा हेवा वाटतो, आई, खरंच वाटतो. तुझ्या मरणातून मी जे शिकले ते सगळं त्यांना मिळालं, आणि त्यांना वाटतं सून हुशार आहे.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. पण घरात कुणाला माहीत नाही ते तुला सांगते. डाग मला शनिवारी दिसला होता. मी बुधवारी सांगितला. ते चार दिवस मी त्यांना चहा दिला, जेवायला वाढलं, पायात मोजे घालून दिले, आणि गप्प राहिले.