कपाटातला कांदळ

४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघ्याला शेक घेतेस ना? हे बाबा विचारताहेत. बहिणीला पत्र लिहायचं म्हटलं की त्यांचा हात दुखतो. मी मजेत आहे. रोपवाटिकेत यंदा नऊ हजार रोपं आहेत आणि माझ्या बुटांत साधारण तितकाच चिखल.

आता कामाचं. खाडीच्या तोंडाशी असलेल्या ज्या कांदळाला तीस वर्षांपूर्वी तू ‘तिसरी जात’ ठरवलंस, त्याच्याकडे मी दोन वर्षं दर आठवड्याला जातेय. कांदळाच्या फळातून झाडावरच कोंब फुटतो, हातभर शेंग लोंबते आणि मग ती गळून चिखलात रुजते, हे तूच मला शिकवलंस. या झाडाला फुलं भरपूर, पण शेंग एकही नाही. मी कळ्या मोजल्या, खुणेचे दोरे बांधले. सगळं गळून जातं. मला वाटतं, ही वेगळी जात नव्हे, शेजारच्या दोन जातींचा संकर आहे, म्हणूनच वांझ. तुझ्या वनस्पतिसंग्रहालयातल्या कपाटात या झाडाची वाळवून कागदावर चिकटवलेली फांदी आहे. तिच्या फुलांच्या पाकळ्यांवर केस कितपत आहेत, तेवढं बघशील?

बाबांचा नमस्कार. तुझा लोभ आहे तस्साच राहू दे.

तुझी,
बेडकी

१५ जानेवारी

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघा जागच्या जागी आहे, भावाला सांग.

तुझा शोध वाचून डोळे निवले, असं लिहायला हवं. निवले नाहीत, झोंबले. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! भिंगातून बघताना दुसरा डोळा मिटायचा नाही, हे तुला मी शिकवलं. फूल उकलताना श्वास रोखायचा, हेही मीच शिकवलं. आणि तुला नेमकी माझ्याच झाडात खोट सापडली. दोन वर्षं शेंग धरली नाही म्हणून लगेच संकर? हवा असेल, पाणी फार खारट झालं असेल, तुझ्या दोऱ्यांनी बिचारं वैतागलं असेल. कपाट सध्या उघडता येणार नाही. कीड लागू नये म्हणून औषध घातलंय.

माझी निवृत्ती चार महिन्यांवर आली. एवढ्या वर्षांत माझ्या नावावर हे एकच झाड आहे. भावाला म्हणावं, मुलगी हुशार निघाली. मला ते आवडलं नाही, हेही सांग.

जेवढी माया उरली आहे तेवढी कळावी.

आत्या

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

औषध घातलेलं कपाट तीन दिवसांत उघडतात, हे मला कोणी सांगितलं होतं, आठव. सोबत तीन पुड्या पाठवतेय. पहिलीतल्या जातीच्या पाकळ्या केसाळ, दुसरीतल्या जातीच्या गुळगुळीत. तिसरीत तुझ्या झाडाची फुलं आहेत. त्यांच्यावर केस आहेत, पण विरळ. पहिलीची फुलं झुपक्याने येतात, दुसरीची जोडीने. याची कधी दोन, कधी तीन, कधी चार. मधलंच सगळं.

तुला राग आलाय, कळतं. पण हेवा काय तुलाच करता येतो? लहानपणापासून घरात एकच पालुपद ऐकलं, आत्यासारखी हो. तुझी ती कोरडी खोली, तुझी सही असलेले कागद, सगळ्याचा मला हेवा वाटत आलाय. इथे मी रोपं मोजणारी बाई आहे. तुझ्याकडच्या एखाद्या कागदावर झाडाची ओळख सांगणारी माझ्या नावाची एक चिठ्ठी लागली तर मला कोणी झाडं ओळखणारी म्हणेल.

म्हणून फांदी बघ. मी चुकले असेन तर तसं लिही, पुन्हा विषय काढणार नाही. बरोबर असेन तर रीतीप्रमाणे फांदीच्या कागदावर नवी चिठ्ठी लाव: ‘संकर’, खाली माझं नाव आणि तारीख. तुझी जुनी चिठ्ठी तिथेच राहील. एकदा लावलेली चिठ्ठी कधीच काढत नाहीत, हे तुझंच वाक्य आहे.

भांडले म्हणून माया कमी करू नकोस.

तुझी,
बेडकी

१४ फेब्रुवारी

चि. बेडकीस,
अ. उ. आ.

फांदी पाहिली. केस विरळ आहेत. संकरच आहे. चिठ्ठी लावली. कामं फार आहेत, जास्त लिहीत नाही.

आत्या

२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या चार ओळी मी चाळीस वेळा वाचल्या. तुला किती जड गेलं असेल! रोपवाटिकेत सगळ्यांना सांगून झालं. बाबा म्हणाले, एकदा जाऊन डोळ्यांनी बघून ये. मी म्हटलं, आत्याने लावली म्हणजे लागली, बघायला कशाला जायचं? ते हसले आणि म्हणाले, अगदी आत्यावर गेलीस. या वेळी मला राग आला नाही.

तुझ्या लोभाची आता खात्रीच आहे, मागत नाही.

तुझी,
बेडकी

२८ फेब्रुवारी

चि. बेडकीस,
अ. उ. आ., घेशील तर.

चिठ्ठी लावली, एवढंच मी लिहिलं होतं. नाव कोणाचं, ते लिहिलं नव्हतं. माझं. ‘संकर. पूर्वीची ओळख चुकीची’, आणि खाली माझी सही. म्हातारीने स्वतःची चूक स्वतः सुधारली, लोक वाहवा करतील, असं मनात आलं. डिंक लावून चिठ्ठीच्या कडा सरळ बसवल्या.

निमित्तही आयतं मिळालं होतं. फांदीखाली माझंच जुनं पेन्सिलीचं टिपण सापडलं: ‘फुलं पुष्कळ, शेंग नाही. पुन्हा येऊन पाहणे.’ मी पुन्हा गेलेच नाही. होडीचा कंटाळा आणि लेख छापायची घाई. ते टिपण बघून म्हटलं, प्रश्न तर आधी मलाच पडला होता! पडला होता, खरं आहे. दोन वर्षं चिखलात पाय तुझे होते.

मग तुझं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी ओला बोळा घेऊन चिठ्ठी काढायला कपाटापाशी उभी राहिले. काढता येईना. खोटी असली तरी चिठ्ठी काढायची नाही, हे प्रत्येक नवशिक्याला बजावण्यात माझा जन्म गेला. शेवटी तिसरी लावली. त्यावर लिहिलं: ‘वरची चिठ्ठी माझी, शोध माझा नाही. हे माझ्या भाचीने शोधलं.’ खाली तुझं पूर्ण नाव, माझी सही, तारीख.

आता मी गेल्यावरही जो कोणी तो कागद काढेल, तो ओळीने वाचेल, की ही बाई आधी चुकली, मग तिने चोरी केली आणि मग कबूल केली. वाटलं होतं, लिहून टाकलं की हेवा जाईल. नाही गेला. तुझं नाव लिहितानाही जळत होते, फक्त अक्षर नीट काढलं.

लोभ ठेव असं कोणत्या तोंडाने म्हणू? बघायला कशाला जायचं, असं तू म्हणालीस. माझ्या शब्दावर राहू नकोस. ये आणि बघ.

आत्या