सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

प्रिय हर्षाली,

सोमनाथने कंपनीच्या गेटवर हे पाकीट तुझ्या हातात दिलं की तू आधी कपाळाला हात लावशील. रोज फोनवर बोलणाऱ्या बापाला पत्र कशाला लिहावं लागतं, म्हणशील. पण बाई, माझा फोन आला की तू तो स्पीकरवर टाकतेस. एकीकडे तव्यावर पोळी, एकीकडे वेदिकाचा अभ्यास, शेजारी शेखरराव. मला जे सांगायचंय ते आधी तुला एकटीला सांगायचंय. नंतर त्यांना खुशाल वाचून दाखव, माझी हरकत नाही. दसऱ्याला तुम्ही त्या फ्लॅटचं टोकन देणार आणि दसरा आला आठ दिवसांवर, म्हणून आज कामाला न जाता वही घेऊन बसलोय.

इकडे माझं बरं चाललंय. सकाळी सिन्नरहून एसटी, दिवसभर नाशिकला साइटवर, दिवेलागणीला परत. सोमनाथचा गुडघा धरलाय. पंचवीस वर्षं माझ्याबरोबर रंधा मारतोय, आता शिडीवर चढताना देवाचं नाव घेतो आणि उतरताना मला शिव्या देतो. येता-जाता पाथर्डी फाट्याकडे बघितलं की तुझी आठवण येते. तू लहान असताना तिकडे सगळे कोबी-फ्लॉवरचे मळे होते. आत्याकडे जाताना तू खिडकीची जागा धरायचीस आणि कोबीच्या गड्ड्यांना टाटा करायचीस. आता तिथं मान मोडेस्तोवर वर बघावं तेव्हा बिल्डिंग संपते. आम्हाला त्यातूनच काम मिळतं, तेव्हा तक्रार तरी कुठल्या तोंडाने करायची.

तर कामाचंच सांगतो. चैत्रात आमच्या ठेकेदाराने एका सॅम्पल फ्लॅटचं फर्निचर माझ्याकडे दिलं. बिल्डिंग पुरी व्हायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायला सजवून ठेवतात ना, तो फ्लॅट. इंटिरिअरवाल्या मॅडमनी मापांचा कागद दिला. त्यात पलंगाची लांबी होती पाच फूट सहा इंच. मी म्हटलं, पोरगी नवीन आहे, लिहिताना चुकली असेल, कशाला चारचौघांत तिला लाजवायचं. मी आपला नेहमीचा सव्वासहा फुटी पलंग करून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, पलंग बघितला आणि तो कापायला लावला. मी म्हटलं, मॅडम, यात माणूस झोपणार कसा. तर म्हणाल्या, काका, सॅम्पल फ्लॅटमध्ये झोपायला कोण येतंय.

मग काय, कापला नऊ इंच. कपाट सोळाच इंच खोल केलं, त्यात हँगर सरळ राहतच नाही, म्हणून चार शर्ट तिरके अडकवून ठेवले. आतल्या खोल्यांना दारं लावलीच नाहीत, कारण दाराला उघडायला जागा लागते आणि मग खोली लहान दिसते. समोर भिंतभर आरसा. सोमनाथ त्या पलंगावर मला आडवा व्हायला लावून म्हणाला, रंगनाथ, हा तुझ्यासारख्या बुटक्याच्या मापाचा झालाय. हसलो आम्ही दोघं. पण मला ते काम काही गोड लागलं नाही.

मापाच्या बाबतीत मी काही साधू नाही. आमच्या लग्नाच्या वेळी मी हौसेने सागाचा पलंग केला होता, तुला ठाऊकच आहे. तो दारातून आत जाईना. सुताराचा पलंग तीन दिवस ओट्यावर, अख्खी गल्ली येऊन बघून जायची, आणि तुझी आई नवी नवरी, पदराआड हसू दाबत बसलेली. शेवटी दाराची चौकट उखडली तेव्हा कुठे पलंग घरात आला. पुढे जन्मभर मी कुठलंही माप सांगितलं की ती म्हणायची, आधी दार मोजा. पण ती चूक होती गं. चूक करणं वेगळं आणि समजून-उमजून आखूड करणं वेगळं.

मग तो रविवार. तू म्हणालीस, अण्णा, तुम्हाला कामाची पारख आहे, फ्लॅट बघायला चला. रिक्षा आत वळली तेव्हाच मी जागा ओळखली. वॉचमनने मला रामराम केला तो तुला वाटलं रीत म्हणून, पण तो माझ्या डब्यातली चटणी खाल्लेला माणूस आहे. ती बुकिंगवाली तृप्ती मला ओळखत नव्हती, तिने मला काका काका करत थंड पाणी दिलं. आणि तू त्या पलंगाच्या कडेवर बसलीस, हात फिरवलास आणि म्हणालीस, बघा अण्णा, डबल बेड टाकूनसुद्धा किती मोकळं वाटतं. शेखरराव एवढे उंचेपुरे, तिथं आडवे झाले असते तर पाय घोट्यापासून बाहेर लोंबले असते. मला तिथंच बोलायला पाहिजे होतं. मी आरशात बघत उभा राहिलो. परत येताना तू तीनदा विचारलंस, कसा वाटला, आणि मी तिन्ही वेळा छान आहे म्हणालो.

परवा त्याच बिल्डिंगमध्ये चौकटी बसवायला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत चौथ्या मजल्यावर जाऊन तुमचा खरा फ्लॅट टेपने मोजला. तुमच्या खोलीत सव्वासहा फुटी पलंग टाकला आणि दार बसवलं की कपाटाचं एकच दार उघडेल. दुसरी खोली साडेसात बाय आठ, त्यात कोपऱ्यातला कॉलम पुढे आलेला. तिथं एक खाट बसेल, नाहीतर वेदिकाचं टेबल बसेल. दोन्ही बसणार नाही. त्या खोलीसाठी तू ओव्हरटाइम धरणार आणि शेखरराव रविवारीही दुसरीकडे काम करणार. वीस वर्षांचा हप्ता आहे, हर्षाली. सिडकोतल्या त्या भाड्याच्या खोलीत तुमचे किती हाल होतात ते मला दिसतं, दर वर्षी घरमालक भाडं वाढवतो तेही दिसतं. घर घेऊच नका असं मी कसं म्हणेन. त्याच बिल्डिंगमध्ये एका बेडरूमचे फ्लॅट आहेत, आतली खोली चांगली दहा बाय अकरा आहे, तीही मोजून आलोय. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्ही स्वतः टेप घेऊन वर जा. तृप्ती म्हणेल वर काम चालू आहे, जाता येत नाही. तरी जा. ठेकेदाराला माझं नाव कळलं तर पुढच्या फ्लॅटचं काम दुसऱ्याला जाईल, जाऊ दे.

आता खरं ते लिहितो, यासाठीच वही काढलीय. तुला वाटेल अण्णा ठेकेदाराला घाबरून गप्प बसले. तसं नाही. त्या रविवारी सॅम्पलमधल्या दुसऱ्या खोलीत उभी राहून तू शेखररावांना म्हणालीस, ही अण्णांची खोली, अण्णा आता सिन्नरला एकटे राहणार नाहीत. आणि त्यांनी लगेच अंगठ्याने भिंत दाखवली, खाट इकडे लावू म्हणून. तुझी आई गेल्यापासून पाच वर्षं मी घरी येऊन कुलूप स्वतःच उघडतो. मला ती खोली हवी झाली, हर्षाली. ती खोटी आहे हे मला माहीत होतं, मीच ती खोटी केली होती, तरी हवी झाली. मी म्हटलं, घेऊ देत, भरतील हप्ते. पोटच्या पोरीला फसवताना मला तेव्हा काही वाटलं नाही, आणि तेव्हापासून झोप नाही. दसऱ्याला मोठ्या फ्लॅटचं टोकन देऊ नका. एका बेडरूमचं घ्या, आणि घेताना राहणाऱ्यांत मला धरू नका.

तुझाच,
अण्णा